वजन ६६, कंबर ९४: आपल्या खान्देशातल्या पोरांची पोटं

मेहरूणकर
जळगाव. वय २७, उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.८ येतो, म्हणजे कागदावर सगळं झकास. हातपाय काड्या. पण शर्ट इन केला की पोट बेल्टवर येऊन बसतं. नवीन नोकरीच्या मेडिकलमध्ये सोनोग्राफी झाली, त्यात ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी, निघालं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. कंबर मोजली, ९४ सेंमी. दारू नाही, तंबाखू नाही.

आमच्या ग्रुपमधले बहुतेक सगळे पंचवीस ते तिशीतले, आणि अर्ध्याहून जास्त जणांचा नमुना हाच. कुणालाच "जाडा" म्हणता येणार नाही. फक्त मधला भाग पुढे.

खाणं सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. सकाळी चहा-खारी नाहीतर पोहे. डब्यात चार पोळ्या आणि भाजी. कंपनीत साखरेचे दोन-तीन चहा. संध्याकाळी गेटबाहेर कचोरी किंवा भजी. रात्री साडेनऊ-दहाला पोळी, भाजी, वरण, भात, सगळं. शनिवारी हायवेवर शेवभाजी. केळी घरचीच, हात जाईल तेव्हा.

"जिम लाव" आणि "कीटो कर" हे दोन सल्ले मिळून झालेत. घरच्या, आपल्या खान्देशी जेवणात नेमकं काय आणि किती हलवायचं, एवढंच विचारतोय. आईला माझ्यासाठी वेगळं शिजवायला लावणार नाही.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
खात्यापित्या घरचा दिसतोस भो. बायोडाटात टाक, स्थळं येतील.

आप्पा_धुळे
मन्हा आजा दोन भाकरी खाये अन् दिनभर नांगर हाके. आते नातू दोन भाकरी खास अन् दिनभर मोबाईल हाकस. झाय तुन्हं उत्तर.

पाचोरा_पॅसेंजर
आप्पा +१. पण एक सांगा, आजोबांच्या दोन भाकरींबरोबर काय असायचं? ठेचा, कांदा, एखादी पातळ भाजी. आता पोळीबरोबर दोन भाज्या, वर पापड, लोणचं, आणि जेवण झाल्यावर "थोडं गोड असतं तर". भाकरी तीच राहिली असं म्हणू नका, ताट वाढलंय.

स्टेथोस्कोप
जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. इथं कुणाचं निदान करत नाही, पण मेहरूणकरांचा प्रश्न ओपीडीत रोज बघतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मोजमाप. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पँट आपण पोटाखाली घालतो, त्यामुळे पोट वाढलं तरी नंबर वर्षानुवर्षं ३२च राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा हाताला लागतात, त्या दोघांच्या बरोबर मध्ये टेप धरायची. कपड्यांवरून नाही. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमीच्या वर गेलं की पोटाचा लठ्ठपणा धरतात. आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. १७० ला ८५. तुमची ९४ आहे, म्हणजे दोन्ही हिशोबांनी बाहेर.

आता बीएमआय ठीक असताना हे कसं? ह्याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं मोठं काम आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडसडीत, आतून चरबी. वजनकाटा हे पकडू शकत नाही, कारण आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, बेरीज तीच.

कातडीखालची, चिमटीत येणारी चरबी तुलनेनं सोसते. त्रास देते ती आतली, आतड्यांभोवतीची. तिच्यातून सुटणारी फॅटी ॲसिडं शिरेवाटे थेट यकृतात जातात. त्यात वरून साखर, मैदा, भाताचा ढीग आला की जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करतं. काही तिथंच साठते, ते तुमचं ग्रेड वन. काही रक्तात सोडली जाते, ते तुमचं २१०. दारू नसताना फॅटी लिव्हर कसं, हा प्रश्न मला आठवड्यातून कितीतरी जण विचारतात, म्हणून लिहिलं.

आणि हे फक्त तुमच्या ग्रुपचं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. देशातल्या वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के, तर बीएमआयवरून मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के. मधल्या फरकात तुमच्यासारखे बरेच बसतात.

तुम्ही उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी समजतात. सोबत बीपी. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा, गुगलला नको.

मेहरूणकर
डॉक्टर साहेब, पँटच्या नंबरचं वाचून दोन मित्रांनी लगेच टेप मागवली. केळी बंद करू का? आमच्याकडे केळीचाच मळा आहे, घरात सांगितलं तर हसतील.

स्टेथोस्कोप
केळ्यानं काय घोडं मारलंय? मध्यम केळात शंभरेक कॅलरी असतात. कचोरीच्या जागी केळं खाल्लंत तर फायदाच आहे. जेवणावर आणखी दोन केळी खाल्लीत तर नाही. वेफर्स हा वेगळा विषय, त्यात शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर जातात, आणि फैजपूर-सावद्याकडचं पाकीट शंभर ग्रॅमवर कुणी थांबवत नाही.

खापरावरची
सगळे पुरुष पोळ्या मोजून राहिलेत. तेलाचं कुणीच बोललं नाही, कारण तेल कुणी ओततं हे तुम्हाला दिसतच नाही.

मी एरंडोलकडची, दिलेली भुसावळला. घरात पाच माणसं. पंधरा किलोचा शेंगदाणा तेलाचा डबा येतो आणि दोन महिन्यांत तळ दिसतो, सणाचा महिना असेल तर त्याआधीच. मी एकदा कागदावर मांडलं. १५ हजार ग्रॅम भागिले ६० दिवस, भागिले पाच. माणशी रोज पन्नास ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातल्या दोन हजार कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. त्या हिशोबानं आमचा डबा जवळजवळ पावणेचार महिने पुरला पाहिजे. ग्रॅमला नऊ कॅलरी धरा, रोजच्या दोनशे कॅलरी नुसत्या वरच्या तेलाच्या झाल्या. पोळीला लावलेलं तूप आणि बाहेरची भजी ह्यात नाहीच.

आता तेल जातं कुठं ते सांगते. आपला काळा मसाला म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, लसूण, आलं, कोथिंबीर. ते वाटण तेलात पडलं की आधी सगळं तेल पिऊन घेतं, कढई कोरडी दिसते. इथंच नवी सून घाबरून आणखी एक पळी ओतते. आच बारीक करून दहा मिनिटं परतत राहिलं आणि चिकटायला लागलं की गरम पाण्याचा हबका दिला, की तेच तेल कडेनं परत सुटतं. पहिल्या पळीतच रस्सा होतो. रंग मिरचीचा असतो, तेलाचा नाही.

आणि तर्री. पाहुण्यांपुढे लाल तवंग पाहिजे, नाहीतर सासूबाईंना वाटतं भाजी गरिबाची दिसते. मी भांडत नाही. रस्सा झाला की गॅस बंद करून थोडा वेळ ठेवते, वर आलेली तर्री पळीनं वाटीत काढते. पाहुण्याच्या ताटात वरून चमचाभर. उरलेली वाटी फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या वांग्याची फोडणी तिच्यातच, नवीन तेल शून्य. चव उलट भारी लागते. डबा आता तीन महिन्यांच्या आसपास जातो. नवऱ्याला अजून पत्ता नाही. (इथं वाचत असशील तर आता कळलं.)

पाचोरा_पॅसेंजर
ताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून किचनमध्ये लावतो. म्हणजे बायको मलाच किचनमध्ये उभं करेल, पण असो.

लाकडी_घाणा
तेलाला उगाच बदनाम करू नका. रिफाइंडमुळे पोटं सुटतात. घाण्याचं शेंगदाणा तेल आमच्या चार पिढ्या खातात, पाहिजे तेवढं खा, काही होत नाही.

स्टेथोस्कोप
घाण्याचं तेल चवीला चांगलं, वासाला चांगलं, जरूर वापरा. पण ग्रॅमला नऊ कॅलरी त्यातही आहेत आणि रिफाइंडमध्येही. "पाहिजे तेवढं" हे दोन शब्द सोडून तुमच्याशी सहमत.

लाकडी_घाणा
चार पिढ्यांचं काय मग?

आप्पा_धुळे
चार पिढ्या घाण्याले बैल जुपेत. आते मोटर शे.

एमपीएससी_२०२_
मी धुळ्यात अभ्यासिकेत असतो. वय २४. सकाळी आठ ते रात्री नऊ खुर्ची. मेसच्या डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पाण्यासारखं वरण. भूक लागली की खाली चहा-टोस्ट, रात्री अकराला मॅगी. कंबर ८८, उंची १६५. दोन वर्षांत वाढलीय. मेसचं तेल मी कसं काढू? आणि प्रोटीन पावडर परवडत नाही.

फिटखान्देश_कोच
[हा प्रतिसाद संपादकांनी काढला आहे. धाग्यावर विक्री आणि "इनबॉक्स करा" चालणार नाही.]

स्टेथोस्कोप
एमपीएससीवाले, तुमची ८८ नव्वदच्या आत आहे पण उंचीच्या निम्म्याहून वर, ८२.५ पाहिजे. म्हणजे आत्ताच हात घालायची वेळ.

तुमच्या ताटात पोट भरणारं सगळं एकाच जातीचं आहे. पोळी, बटाटा, भात, टोस्ट, मॅगी. २०२५ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा आहारावरचा अभ्यास आला, त्यात भारतीयांच्या सरासरी ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं, आणि त्यातही पॉलिश तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर हेच मोठे वाटेकरी. तुमचा आकडा ह्याहून वर असणार. पावडर नको. रात्री मूठभर हरभरे किंवा मटकी भिजत घाला, सकाळी कांदा-लिंबू घालून खा. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. मेसवाल्याला एक पोळी कमी आणि वरण घट्ट मागा, पैसे तेवढेच. अकराची मॅगी जाऊ द्या, त्या जागी मूठभर फुटाणे. शेंगदाणेही चांगले, पण ते मुठीतच राहू द्या, पिशवी टेबलावर ठेवू नका.

आणि तासाला एकदा उठा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. पांझरेच्या काठानं एक चक्कर मारून या.

सातपुडा_पायथा
नंदुरबारहून. आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की कुपोषण आठवतं, आणि ते खरंही आहे. पण तालुक्याच्या गावी या, शाळा-कार्यालयांत नोकरीला लागलेली आमचीच पोरं बघा. लहानपणी अंगावर मांस नव्हतं. पगार सुरू झाला, बाइक आली, दोन-चार वर्षांत पोट. घरी भगर, ज्वारी, डाळीवर वाढलेली, आता नाष्ट्याला रोज समोसा. डॉक्टर, लहानपणीच्या हाडकुळेपणाचा आणि ह्याचा संबंध असतो का?

स्टेथोस्कोप
फार चांगला प्रश्न, आणि उत्तर पुन्हा याज्ञिकांकडेच आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण चरबीत सगळ्यांत कमी लहान. म्हणजे कात्री लागली ती स्नायूंना, चरबी बऱ्यापैकी राखली गेली. असं शरीर पुढे मुबलक खाण्यात आणि बसून राहण्यात आलं की साठा पोटात करतं. म्हणून तुमच्याकडचा प्रश्न एकच आहे, दोन नाहीत. पोरींना गरोदरपणाआधी नीट खायला मिळणं हाही पोटाच्या लठ्ठपणावरचाच उपाय.

रावेरची_लेक
मी २३. पाळी अनियमित, पीसीओएस (हार्मोन बिघडण्याचा आजार) सांगितलंय. कंबर ८६. डॉक्टर म्हणाल्या वजन उतरवा, म्हणून आठवड्यातून दोन उपास धरते. उतरत काही नाही. जरा सांगा कुणी.

खापरावरची
उपासाला काय खातेस गं?

रावेरची_लेक
साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, केळीचे वेफर. चहा.

खापरावरची
बाई, हा उपास नाही, हा महोत्सव आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, वर शेंगदाणा कूट, तूप, बटाटा. भगर आणि शेंगदाण्याची पातळ आमटी कर, सोबत ताक, काकडी. देव तेवढ्यावर राजी असतो. आणि इतर दिवशी अर्धपोटी राहून रात्री ताव मारत असशील तर तेही सोड. माझ्या धाकट्या जावेचं तेच व्हायचं.

स्टेथोस्कोप
ताईंशी सहमत. पीसीओएसमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही हा मोठा भाग असतो, त्यामुळे पोटाकडे चरबी जाते. वजन पाच टक्के जरी उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

भुसावळ_यार्ड
रेल्वेत आहे, शिफ्ट ड्युटी. मला जे दिसतं ते सांगतो. रात्रपाळीचा माणूस तीन वेळा जेवतो आणि त्याला वाटतं दोनदाच जेवलो. घरून जेवून निघाला, रात्री दोनला डबा, सकाळी घरी आला की बायको गरम पोळी वाढते, खाऊन झोपतो. पोटं आमच्याकडे सगळ्यांत जास्त. मी रात्री दोनचा डबा छोटा केला, त्यात मूग आणि दही, आणि सकाळी घरी नुसतं दूध. बरं वाटतंय.

अवांतर: लग्नातल्या बट्टीबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

पाचोरा_पॅसेंजर
वरण-बट्टीला हात लावायचा नाही. धागा बंद करा.

मेहरूणकर
हात नाही लावत हो. पण आजी सांगते, त्यांच्या शेतात बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. आता उकडून, कापून, तळून काढतात, वर वरणात तूप. तळलेल्या दोन बट्ट्या खाऊन मांडव सोडला तर ठीक, आपण आग्रहापायी मोजणंच सोडतो.

खापरावरची
लग्न, आखाजी, कानबाईचे रोट, ह्यांच्यावर खापर फोडू नका. वर्षातले ते मोजके दिवस. पोट सुटतं ते मंगळवारी रात्री, टीव्हीपुढे, शेव-मुरमुऱ्याची परात मांडीवर घेऊन. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या घरात कॅलरी, आणि तिला आपण जेवण म्हणतच नाही.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
मी रोज शंभर क्रंचेस मारतो. पोट तसंच. का?

स्टेथोस्कोप
कारण चरबी कुठून उतरायची ते शरीर ठरवतं, क्रंचेस नाही. स्नायू घट्ट होतील, वरचा थर तिथंच. भरभर चाला, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. आणि दोन दिवस बैठका, जोर. आपल्याकडे स्नायूच कमी आहेत, ते वाढवणं हा अर्धा उपाय. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा सकाळी सातच्या आत उरकायचं.

मेहरूणकर
एचबीए१सी आलं, ५.८. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. पाच ते सात किलो उतरवून तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड परत करायला सांगितलंय.

घरी ठरलं ते असं. तेलाचा डबा ताईंच्या पद्धतीनं, आईनं तर्रीची वाटी लगेच उचलून धरली, "आम्ही पण आधी असंच करायचो" म्हणाली. डब्यात चारऐवजी दोन पोळ्या, मधली जागा मोकळ्या भाजीला आणि उसळीला. रात्री आठच्या आत, भात किंवा भाकरी, दोन्ही नाही. कचोरीच्या वेळेला केळं किंवा फुटाणे. चहा बिनसाखरेचा जमेना, अर्धी साखर चाललीय. शनिवारची शेवभाजी महिन्यातून एकदा, शेव वेगळी मागवून वरून मूठभर.

एक शंका. गव्हाऐवजी दादर ज्वारी किंवा कळण्याची भाकरी घेतली तर फरक पडतो का?

स्टेथोस्कोप
तंतू ज्वारीत आणि घरच्या गव्हाच्या पिठात जवळपास सारखेच, तिथं मोठा फरक नाही. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, म्हणून प्रथिनं वाढतात. त्या अर्थानं फरक पडतो. पण चार कळण्याच्या भाकरी म्हणजे चारच भाकरी. दीड खा, सोबत पालेभाजी.

पाचोरा_पॅसेंजर
बरं, भरताचे दिवस आहेत. रविवारी आमच्या शेतात बामणोदची वांगी आणतोय. काटक्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, सगळं रीतसर. धाग्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण. नियम: वांग्याला मोजमाप नाही, तेल ताई ओतणार, पुऱ्यांऐवजी कळण्याची भाकरी.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
पुरी नाही?

पाचोरा_पॅसेंजर
नाही.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
येताना मी माझी बांधून आणतो भो.

आप्पा_धुळे
मन्हासाठे बी दोन आन.